स्वारगेटच्या खांबावरचे औषध आणि सरकारी दवाखान्यातली रांग

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून बाहेर पडा आणि खांब, भिंती, मुतारीची दारे वाचत चला. मुतखडा विनाऑपरेशन. शुगर मुळापासून बंद. शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही. खाली फक्त मोबाइल नंबर असतो. औषध देणाऱ्याचे नाव नाही, नोंदणी क्रमांक तर नाहीच. सातारा, सांगली, सोलापूरकडून पोटासाठी पुण्यात उतरणारा माणूस शहरात सगळ्यात आधी वाचतो ते हे आरोग्यशिक्षण.

तिथून दहा-पंधरा मिनिटे चालत सारसबागेकडे गेलो तर सकाळी वेगळे दृश्य दिसते. फिरायला आलेली मंडळी कारल्याचा, गव्हांकुराचा रस घेतात. त्यांचाही निसर्गावर विश्वास आहे. फरक एवढाच, की रस पिणारे काका वर्षातून एकदा रक्ताच्या सगळ्या तपासण्या करतात आणि छातीत दुखले तर तासाभरात हृदयरोगतज्ज्ञासमोर असतात. त्यांच्यासाठी नैसर्गिक उपचार ही जोड आहे. आपल्या वस्तीत मात्र तोच एकमेव उपचार होऊन बसतो. 'लोकांचा आयुर्वेदावर विश्वास वाढतो आहे' असे सरसकट म्हणणाऱ्या चर्चेत हा फरक कधीच येत नाही.

दांडेकर पुलाच्या आसपासच्या वस्त्यांत काम करताना आम्ही सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे 'काविळीला डॉक्टरकडे औषधच नाही, पाला घ्यावा लागतो.' यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते इतके टिकले. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात पाला घेतला, तर श्रेय पाल्याला जाते. पण डोळे पिवळे होण्यामागे हिपॅटायटिस बी असू शकतो, पित्ताशयातला खडा असू शकतो. आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई जिवावर बेततो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका ताईला सातव्या महिन्यात कावीळ झाली. घरच्यांनी पाच दिवस पाला दिला. ती ग्लानीत गेली तेव्हा रिक्षातून रुग्णालयात नेले. ताई वाचली, बाळ वाचले नाही.

तिच्या सासूबाईंना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही त्यांना विचारले, आधी दवाखान्यात का नाही नेले? त्या म्हणाल्या, "गेलो होतो की. केसपेपरला दोन तास, डॉक्टर दोन मिनिटं. काय झालंय विचारलं तर सिस्टर खेकसली." पाला देणारा म्हातारा मात्र ओट्यावर बसवून अर्धा तास बोलला होता. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. त्यात नाव, आडनाव, पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लोक विज्ञान नाकारत नाहीत, अपमान टाळतात, असे आमचे निरीक्षण आहे.

आता कायद्याकडे पाहू. मधुमेह, कर्करोग, क्षयरोग, मुतखडा अशा आजारांवर इलाज करण्याचा दावा जाहिरातीत करायला 1954 च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने बंदी आहे. म्हणजे स्वारगेटचे निम्मे खांब गुन्हेगार आहेत! 2018 मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना राज्य प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागेल असा नियम 170 आला. ऑगस्ट 2023 मध्ये आयुष मंत्रालयाने त्यानुसार कारवाई करू नका असे राज्यांना कळवले आणि 1 जुलै 2024 रोजी नियमच वगळला. पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका चालू होती. त्यात सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये याचिका निकाली निघाली आणि स्थगितीही उठली. रामदेव यांच्या माफीनाम्यावर वाहिन्यांनी तासन्‌तास चर्चा केली, पण नियम गेला तेव्हा फारसे कुणी बोलले नाही.

वनस्पतींशी आमचे वैर नाही. तक्षशिलेत जीवकाला गुरूंनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात सांगतो. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आले आणि त्यासाठी तू युयू यांना 2015 चे नोबेल मिळाले. पण त्यांनी ते आधी प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि रुग्णांवर तपासले होते. उलट कोरोनाकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. 'नैसर्गिक' आणि 'निर्धोक' हे शब्द एकच नाहीत, एवढे तरी त्यातून समजायला हवे होते.

पुण्याला याचा इतिहासही आहे. निसर्गोपचाराचे सर्वात मोठे पुरस्कर्ते गांधीजी. ताडीवाला रस्त्यावरची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आणि उरुळी कांचनचा 1946 चा आश्रम, दोन्ही त्यांच्याशी जोडलेले. त्याच गांधीजींचे आंत्रपुच्छ जानेवारी 1924 मध्ये ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया करून काढले. आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घेतला, तो डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेण्यासाठी. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांनी स्वारगेट ते दांडेकर पूल अशा जाहिरातींचे फोटो काढले. अन्न व औषध प्रशासनाकडे ते द्यायचे आहेत. त्या ताई आता रविवारी विहारात येतात आणि कुणाचे डोळे पिवळे दिसले की सोबत दवाखान्यात जातात, केसपेपरच्या रांगेतही थांबतात. परवा एका सिस्टरने आवाज चढवला तेव्हा ताईंनी तिला तिचे नाव विचारले.