काचेला चिकटलेला उपाशी पाहुणा

पेढीवर गल्ल्याच्या बाजूस किंवा घरी दिवाणखान्याच्या ईशान्य कोपऱ्यात काचेची मत्स्यपेटी ठेवण्याची पद्धत आपल्या कुटुंबांत आता चांगलीच रुळली आहे. वास्तुतज्ज्ञांच्या सल्ल्याने सोनेरी मासे येतात, पंधरा-वीस दिवसांत काचेवर हिरवट थर धरू लागतो, आणि मग दुकानदार सांगतो, ‘शेठ, एक सकर घेऊन जा. सगळी घाण तोच खाईल, त्याला वेगळे खाणे घालायला नको.’ थोडक्या पैशांत एक दोन इंची, काळसर, अंगावर खवल्यांऐवजी जणू चिलखत ल्यालेला मासा पिशवीतून घरी येतो. तो काचेला तोंड लावून चिकटतो, मुलांना मौज वाटते, आणि वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. दुकानदाराच्या त्या एका वाक्यावर भिस्त ठेवून किती मासे उपाशी मेले असतील, याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

घाण खाऊन जगणारा मासा या जगात नाही. सकर मासा शेवाळ खरवडतो हे खरे. परंतु दोन फुटी पेटीच्या काचेवर जेवढे शेवाळ असते, ते त्याला फार तर आठवडाभर पुरते. इतर माशांची विष्ठा तो खात नाही. उलट त्याची स्वतःची विष्ठा इतकी असते की पेटी पूर्वीपेक्षा अधिक लवकर खराब होते. काच स्वच्छ दिसू लागली म्हणून घरचे लोक समाधान मानतात आणि नेमक्या त्याच दिवसापासून या जीवाची उपासमार सुरू होते.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘बंध’ आहे आणि ‘अन्नपाननिरोध’ही आहे. पंचेंद्रिय जलचराला काचेत कोंडणे हे पहिल्याच्या किती जवळ जाते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांपाशी करावा. ज्यांनी पेटी घरात आणलीच नाही, त्यांना या लेखाची गरज नाही. ज्यांच्या घरी मासा येऊन पडला आहे, त्यांच्या हातून निदान दुसरा दोष अजाणता घडू नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

आता हा मासा मुळात कोण? त्याचे घर दक्षिण अमेरिकेत. अॅमेझॉन, ओरिनोको आणि त्यांच्यासारख्या नद्यांत. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला लोरिकॅरिडी म्हणतात, व्यवहारात सर्वांना ‘प्लेको’ हे एकच नाव आहे. मार्जारमीनांचे, म्हणजे मिशाळ माशांचे, हे जगातील सर्वांत मोठे कुळ. लिनियसने 1758 साली यातील एका जातीची नोंद केली तेव्हा चिलखती अंग पाहून त्याने तिला चक्क स्टर्जन माशांच्या गटात बसवले होते. ‘प्लेकोस्टोमस’ म्हणजे दुमडलेल्या तोंडाचा. पुढे नव्या नव्या जाती इतक्या वेगाने बाजारात येऊ लागल्या की त्यांना शास्त्रीय नावे देण्यास कोणी पुरे पडेना. तेव्हा 1988 पासून एका जर्मन मासिकाने त्यांना ‘एल’ अक्षरापुढे क्रमांक देण्याची वहिवाट पाडली. परदेशांतील दुकानांत आजही मासा नावापेक्षा या क्रमांकाने ओळखला जातो. आपल्याकडे मात्र सर्वांची पाटी एकच: सकर.

ही एकच पाटी सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. कारण या कुळात पालेभाजीवर रमणारे आहेत, लाकूड कुरतडणारे आहेत, आणि जीवजंतू खाणारेही आहेत. कोणी पाच इंचांवर थांबतो, कोणी दीड फूट होतो. म्हणून मासा घरी आला की पहिले काम त्याला ओळखण्याचे, खाऊ घालण्याचे त्यानंतर.

प्रथम तो या कुळातला आहे ना, हे पाहावे. अंगावर हाडांच्या कठीण पट्ट्या आणि तोंड पूर्णपणे पोटाकडे वळलेले असेल तर तो प्लेको. अंग सडपातळ, खवले नेहमीच्या माशासारखे आणि बाजूने एक काळी रेघ असेल, किंवा सारे अंगच सोनेरी पिवळे असेल, तर तो बहुधा आग्नेय आशियातील ‘चायनीज अल्गी ईटर’ असतो. तोही काचेला चिकटतो आणि त्यालाही सकर म्हणूनच विकतात. परंतु मोठा झाला की तो शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटू लागतो. सोनेरी माशांसोबत त्याला ठेवणे योग्य नाही.

प्लेको असल्याची खात्री पटली की पाठीवरचा पर पाहावा. मासा तो पर उभारून बसला असेल तेव्हा मोबाईलने एका बाजूने छायाचित्र काढावे आणि मोठे करून पाहावे. पुढच्या जाड काट्यामागे ज्या मऊ काड्या दिसतात, त्या मोजाव्यात. दहा किंवा त्याहून अधिक काड्या असतील आणि पर शिडासारखा रुंद असेल, तर तो टेरिगोप्लिक्थिस. आपल्याकडे ‘साधा सकर’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा हाच असतो, पाटीवर काही लिहिलेले असो. पोटाच्या खालच्या बाजूस काळे ठिपके किंवा वेड्यावाकड्या नागमोडी रेषा असतात. दोन जातींचे संकरही पुष्कळ असल्याने यापेक्षा बारीक निवाडा करण्याच्या फंदात आपण पडू नये.

काड्या साताच्या आसपास, डोके चपटे व रुंद, आणि नाकपुड्यांपुढे मांसल मिशांचे तुरे असतील तर तो ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. नराचे तुरे मोठे व फांद्यांसारखे असतात, मादीला ओठाच्या वरच्या कडेला थोडे बारीक असतात किंवा नसतातही. पिल्लांत ते दिसतच नाहीत, म्हणून काड्यांची मोजणी अधिक भरवशाची. पिवळट पांढरा, लाल डोळ्यांचा मासा दोन्ही प्रकारांत मिळतो. रंगावरून निर्णय करणारा तेथे हमखास फसतो.

फरक महत्त्वाचा का? ब्रिसलनोज सुमारे पाच इंचांवर थांबतो. शंभर लिटरच्या पेटीत त्याचे बरे चालते. टेरिगोप्लिक्थिस सव्वा ते दीड फूट होतो आणि दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच या सर्वसाधारण पेटीत जेमतेम छप्पन्न लिटर पाणी मावते. त्यात तो पुढे नीट वळूही शकत नाही. माझ्या मते आपल्या घरांत ब्रिसलनोजखेरीज दुसरा प्लेको आणू नये, आणि साधा सकर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

एका माशाचा उल्लेख येथेच करतो, कारण संपन्न घरांना त्याचा मोह पडतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झीब्रा प्लेको, क्रमांक एल 46, ब्राझीलच्या शिंगू नदीचा रहिवासी. दिसायला तो अतिशय देखणा आहे. परंतु भाजीपाल्यावर तो राहत नाही, त्याला मांसाहार लागतो. जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्या रोज विकत आणण्याची ज्या घराची तयारी नाही, आणि आपली नसणारच, त्या घराने तो घेऊ नये. माशाचा स्वभाव व्रताने बदलत नाही. आपण आपले नियम त्याच्यावर लादले तर तो मरतो, आणि त्याचे नियम आपण पाळले तर आपले व्रत मोडते.

ओळख पटली की पोट पाहावे. मासा काचेला चिकटलेला असताना ते समोरच दिसते. सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत ओढलेले, वाटीसारखे खोलगट झालेले असेल आणि डोळेही खोल गेलेले असतील, तर तो कित्येक दिवसांचा उपाशी आहे. बाजारातून आलेल्या सकरांत अशी पोटे पुष्कळ दिसतात. त्याला लगेच पुष्कळ खाऊ घालण्याची घाई करू नये. पहिला दिवस दिवा मालवून, लपण्यासाठी करवंटी किंवा मातीचे आडवे मडके ठेवून त्याला शांत राहू द्यावे. दुसऱ्या रात्रीपासून भाजी सुरू करावी.

रात्रीपासून, हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. हा मासा निशाचर आहे. त्याला पापण्या नाहीत. उजेड वाढला की बुबुळाचा एक पडदा खाली उतरून बाहुली झाकतो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी चौविहाराची तयारी होते, त्याच घरात सर्वांची जेवणे आटोपून दिवे मालवल्यावर या पाहुण्याचे ताट वाढावे लागते. दिवसा टाकलेला घास सोनेरी मासे फस्त करतात आणि सकर उपाशी राहतो. घालणाऱ्याला मात्र वाटते की सगळ्यांना पोचले.

ताटात काय वाढावे? काकडीची बोटभर जाडीची चकती हा सर्वांत सोपा आरंभ. ती कच्ची चालते. दुधी, दोडका, लाल भोपळा यांचे तुकडे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून गार करावेत, म्हणजे ते मऊ होतात व लवकर बुडतात. मटाराचे दाणे साल काढून द्यावेत. पालक अधूनमधून चालेल, रोज नको. मीठ, तेल, हळद यांचा स्पर्शही नसावा, आणि फवारणीचे अंश जावेत म्हणून भाजी चांगली धुवावी किंवा सोलावी. चकती तरंगू लागली तर स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवावी. परदेशी पुस्तकांत रताळे आणि बटाटा यांची शिफारस आढळते. आपल्या घरात कंदमूळ येत नसेल तर माशाचे काही अडत नाही. लाल भोपळा ती जागा भरून काढतो. सकाळी उरलेला तुकडा न चुकता काढून टाकावा. आपल्या हवेत तो दुपारपर्यंत कुजतो आणि पाणी दुधाळ होते. तळ्यावर आपण कणकेच्या गोळ्या आणि कुरमुरे टाकतो, तसे पेटीत करू नये. कणीक विरघळून पाणी नासते.

पहिल्या दोन-तीन रात्री चकतीला त्याने तोंडही लावले नाही, तरी धीर सोडू नये. तळ्यांत वाढवलेल्या माशाला काकडी म्हणजे काय हे ठाऊक नसते. दररोज ताजा तुकडा त्याच जागी ठेवत राहावे. एकदा चकतीच्या मध्यभागी खरवडल्याची खळी दिसली, की काम झाले.

केवळ भाजीवर वाढत्या पिल्लाचे मात्र भागत नाही. निसर्गात शेवाळाबरोबर त्यात दडलेले सूक्ष्म जीवही त्याच्या पोटात जातात. त्याला काटेकोर शाकाहारी म्हणणे सत्याला धरून नाही. म्हणून तळाशी बुडणाऱ्या ‘अल्गी वेफर’च्या गोळ्या देतात. येथे आपण सावध असावे. पाकिटावर हिरवे पान असले तरी मागच्या बारीक अक्षरांत बहुधा माशांचे पीठ लिहिलेले असते. सोयाबीन, गहू आणि स्पिरुलिना यांवर आधारलेल्या गोळ्या शोधाव्यात. न मिळाल्यास घरी करता येते: उकडलेले मटार, भोपळा आणि थोडे सोयाबीनचे पीठ वाटून चायना ग्रासच्या गरम पाण्यात मिसळावे, थाळीत थापावे, गार झाल्यावर बोटाच्या पेराएवढ्या वड्या पाडून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. जिलेटिन वापरू नये, ते प्राणिज असते. आठवड्यातून दोन-तीन रात्री एक वडी पुरे. ब्रिसलनोज असेल तर पेटीत पाण्यात बुडणाऱ्या लाकडाचा एक ओंडकाही ठेवावा. तो त्यावर वाढणारा थर दिवसरात्र खरवडत बसतो.

पर्युषणात आणि तिथीला हिरवी भाजी घरात येत नसेल तेव्हा काय, असा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना पडणारच. वड्या आधी करून ठेवल्या की प्रश्न मिटतो. शिखरजीला पाच-सहा दिवसांसाठी जाणार असाल, तर भरल्या पोटाचा मोठा मासा तेवढे दिवस सहज काढतो; जाताना पेटीत ढीगभर खाणे टाकून जाणे हेच अधिक घातक. पिल्लू असेल तर मात्र शेजाऱ्याला दोन वड्या मोजून द्याव्यात.

पाण्याविषयी थोडेच. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाने मारून मगच भरावे. मासा क्वचित वर झेपावून हवेचा घोट घेतो. त्याच्या जठराला हवेतील प्राणवायू शोषता येतो, त्यात काळजीचे कारण नाही. तो दर काही मिनिटांनी वर येऊ लागला तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे असे समजून हवेचा पंप तपासावा.

साधा सकर घरात आधीच आलेला असेल आणि वर्ष-दोन वर्षांत पेटीस भारी झाला असेल, तर अनेकांच्या मनात जीवदयेने एकच विचार येतो: नदीत किंवा तलावात सोडून द्यावा. हे कृपा करून करू नये. आपल्या हवामानात तो मरत नाही, हीच अडचण आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात, केरळात, तामिळनाडूत पेट्यांतून सुटलेले हे मासे आज मुक्तपणे वाढत आहेत. नर काठाच्या मातीत खोल बिळे कोरून त्यात अंडी राखतात, त्याने बांध ढासळतात. चिलखतामुळे त्यांना खाणारे फार थोडे, आणि स्थानिक माशांच्या तोंडचे शेवाळ ते पळवतात. मेक्सिकोतील इन्फिएर्नियो जलाशयात याच माशांनी मच्छीमारांची जाळी भरून टाकली. एका जीवाला अभय देताना असंख्य जीवांचे अन्न आणि घर हिरावले जाते, आणि ते कोणाच्या डोळ्यांसमोर घडत नाही म्हणून जाणवतही नाही.

त्याऐवजी सहाशे-सातशे लिटरची पेटी किंवा बंदिस्त हौद असलेला जाणता मत्स्यपालक शोधावा, किंवा विकणाऱ्या दुकानदारालाच तो परत घेण्यास सांगावे. घेतानाच तशी अट घालणे उत्तम. नेताना जाळीने पकडू नये. त्याच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात आणि सोडवताना पर फाटतात. रुंद तोंडाचा डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला हळूच वळवावे, पेटीतलेच पाणी भरावे आणि झाकण घट्ट लावून त्याला हवेसाठी दोन भोके पाडावीत.