दोन बोटे पाणी

शेकाट्या पक्ष्याचे पाय लांब, तो वीतभर पाण्यातही निभावून नेतो. चिमणीएवढा छोटा टिलवा सैबेरियाच्या उत्तरेकडून हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर उतरतो. त्याला मात्र दोन बोटेच पाणी हवे. पाणी चढले तर चोच चिखलापर्यंत पोचत नाही, आटले तर चिखलाचे ढेकूळ होते. पाणथळ कागदोपत्री शाबूत असूनही पाखरू उपाशी, असे त्यामुळे घडू शकते.

पाण्याची पातळी बिघडली की काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथल्या मोनो या खाऱ्या सरोवराला मिळणारे ओढे लॉस एंजेलिस शहराने १९४१पासून वळवले. पाणी उतरले, खारटपणा वाढला, आणि कुरव पक्ष्यांच्या विणीचे बेट काठाला जोडले गेले. १९७९मध्ये कोल्ह्यासारखे कोयोट चालत बेटावर गेले आणि वसाहत उठली. सरोवर पुन्हा भरू द्या, असा हुकूम १९९४मध्ये निघाला. ठरलेली पातळी अजूनही गाठलेली नाही.

आपल्याकडे खारे सरोवर म्हटले की लोणार आठवते. किनाऱ्यावर मात्र पाखरांना उथळ खारे पाणी पुरवण्याचे काम मिठागरे आणि खाजणे करत आली. मिठागरात भरतीचे पाणी आत घ्यायचे, उन्हात आटवत एका खणातून पुढच्या खणात सोडायचे. या रीतीत कमीजास्त खोलीची आणि खारटपणाची तळी आपोआप शेजारी-शेजारी तयार होतात. मीठ पिकवणाऱ्याने पाखरांसाठी काही केले नाही, पण त्यांची सोय झाली. आगर बंद पडून बांध फुटला की कांदळवन माजते. आपण टाळ्या वाजवतो. उघड्या चिखलावर चरणाऱ्या टिलव्याला तिथे जागा उरत नाही. बांध राहिला आणि भरतीची वाट बुजली, तर शेवाळ धरते. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावाशी २०२४मध्ये रोहित पक्षी मेले, तेव्हा खाडीचे पाणी अडवल्याचाच प्रश्न पुढे आला. मुंबईत तर त्याच वर्षी मिठागरांच्या जमिनी घरांसाठी देण्याचे ठरले. सरकारी नजरेला ती जमीन मोकळीच दिसते.

भातशेती वाचवण्यासाठी खारबांध हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण रत्नागिरीच्या खाड्यांकाठी ज्या खाजणांत आता कोणी भात लावत नाही, तिथे शेजारच्या विहिरी खाऱ्या होणार नसतील तर दिवाळीनंतर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचे थोडे पाणी आत येऊ द्यायला काय हरकत आहे? बांधदुरुस्तीच्या अंदाजपत्रकात उघाडी कधी उघडायची, कधी बंद ठेवायची, याचेही वेळापत्रक असावे. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. आपल्या गावचे खाजण तिच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. नसेल तर भरतीची वेळ साधून जा, दिसतील ती पाखरे मोजा आणि आकडा कळवा. जिथे मोजणीच नाही, तिथे भराव घालणाऱ्याला अडवायला हातात काहीच नसते.