आधी विषय, मग लेन्स

घरातील मुलाला वा मुलीला पहिली नोकरी लागली की पूर्वी मनगटी घड्याळ घेतले जाई. अलीकडे आमच्या परिचयातील बऱ्याच घरांत त्या घड्याळाची जागा ‘चांगल्या कॅमेऱ्या’ने घेतली आहे. फोनमध्ये कॅमेरा असताना हा निराळा कशाला, असे वडील मंडळी विचारतात. आणि तरुण मंडळी दुकानदाराने सांगितलेले आकडे पाढ्यांसारखे म्हणून दाखवितात. या दोन्ही पक्षांना उपयोगी पडेल असे चार शब्द या महिन्यात लिहावे, असे आम्हांस वाटले. पॉवरलूमच्या आमच्या या गावात एवढी रक्कम कोणत्याही घराला लहान नसते.

प्रथम हे यंत्र समजून घेऊ. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वरच्या खिडकीकडे वळतो. म्हणून लेन्सला जे दिसते तेच आपल्याला दिसते. बटण दाबताच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पोहोचतो. हा सेन्सर फोनच्या सेन्सरहून पुष्कळ मोठा असतो, आणि कामाप्रमाणे लेन्स बदलता येते. फोनहून याचे वेगळेपण मुख्यतः या दोन गोष्टींत आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्याने मात्र कोणी दिपून जाऊ नये. १९९१ साली कोडॅक कंपनीने निकॉनच्या एफ ३ या कॅमेऱ्यावर बसवून विकावयास आणलेला पहिला डीएसएलआर अवघ्या १.३ मेगापिक्सेलचा होता. आज साध्या कॅमेऱ्यातही २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके असतात. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० इंच रुंदीचे चित्र स्वच्छ छापता येते. आपल्या दिवाणखान्यातील भिंतीला याहून अधिक काय हवे?

दुसरी गोष्ट, कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी नव्या कॅमेऱ्यांचा भर आता आरसा नसलेल्या, अर्थात मिररलेस जातीवर दिला आहे. त्यामुळे डीएसएलआरसाठी नव्या लेन्स फारशा निघणार नाहीत. तथापि वापरलेले कॅमेरे आणि लेन्स बेताच्या किमतीत मिळतात. शिकणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

आता मुख्य मुद्दा. कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न आम्ही शेवटचा मानतो. पहिला प्रश्न, आपल्याला काय टिपावयाचे आहे? उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बऱ्हाणपुरातच पाहा. फारुकी राजवटीतील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर नागरी लिपीतील संस्कृत शिलालेख आहे. तो टिपण्यास महाग लेन्स लागत नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरते. मात्र समोरून फ्लॅश मारला की कोरीव अक्षरे सपाट दिसतात. बाजूने येणाऱ्या प्रकाशाची वाट पाहावी लागते. शाही किल्ल्याच्या हमामात चित्रित छत आहे, परंतु मागे सरकण्यास जागा थोडी. तिथे त्याच लेन्सचे १८चे टोक उपयोगी पडते.

कुंडी भांडाऱ्याची गोष्ट निराळी. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी अडवून ही कुंड्यांची साखळी बांधली गेली. खाली उजेड अगदी थोडा. इथे मोठ्या छिद्राची लेन्स लागते. १८-५५ ची लेन्स लांब टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. ही लेन्स बहुधा सर्वांत स्वस्त असते. पण लहान सेन्सरवर तिची चौकट ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतकी अरुंद होते, म्हणून बोगद्यासाठी ३५ मिलिमीटरची अधिक सोयीची. तापीकाठच्या पक्ष्यांसाठी ७०-३०० ची लेन्स हवी. ती पहिल्या वर्षी घेण्याचे कारण नाही.

खरेदी करताना काही पथ्ये पाळावीत. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही. म्हणून ज्या नातेवाइकाकडून लेन्स उसनी मिळू शकेल त्याच्याच कंपनीचा कॅमेरा घेणे शहाणपणाचे. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या लेन्स त्यांवर हातानेच जुळवाव्या लागतात. वापरलेली लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. आणि पॉवरलूमच्या वस्तीत उघड्यावर लेन्स बदलू नये. कापसाचे बारीक तंतू सेन्सरवर बसले की प्रत्येक चित्रावर त्यांचा डाग उमटतो.

एवढ्यावरही कोणी म्हणेल, एका कॅमेऱ्याने आणि दोन लेन्सने काय साधणार? १९१२ साली दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे चित्र घेत अंकुराची वाढ पडद्यावर दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ साली आला.

आमची तरुण वाचकांना सूचना आहे की, पहिल्या वर्षी त्यांनी हाच मार्ग धरावा. हमामाच्या छताचा एक तुकडा अथवा घरासमोरील जुन्या वाड्याची एक भिंत निवडावी आणि दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच लेन्सने तिचे चित्र घ्यावे. संरक्षित वास्तूत तिपाईसाठी आधी परवानगी विचारावी आणि रंगचित्रांवर फ्लॅश मारू नये. प्रत्येक चित्राला तारीख व ठिकाण लिहून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. वर्षाअखेर हात तयार झालेला असेल, आणि पुढची लेन्स घ्यावी की नाही हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही. शिवाय उद्या ते रंग उडाले किंवा ती भिंत पडली, तर गावाला दाखविण्याजोगी बारा चित्रे तरी त्या घरात असतील.