सॅक्रामेंटोच्या ट्रेडचं पुलगावात काय काम?

३० जूनची मध्यरात्र उलटून गेल्यावर पुलगावात काय चालू असतं? पेरणी आटोपलेले लोक पावसाची वाट पाहून झोपी गेलेले, स्टेशनातून मुंबई-हावडा लाईनच्या गाड्या धडधडत जाताहेत, बाकी सगळं सामसूम. पण आमच्या ग्रुपमधले तीन-चार नग मात्र मोबाईल डोळ्यांसमोर धरून टक्क जागे! कारण अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजले, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटेचे साडेतीन झाले, की एनबीएची 'फ्री एजन्सी' सुरू होते. करार संपलेले खेळाडू कुठल्याही टीमशी बोलणी करायला मोकळे. मग कोण गेला, कोण आला, किती वर्षांसाठी आला, यावर सकाळपर्यंत नुसती हाणामारी.

घरचे विचारतात, "काय रे, मॅच आहे का?" आता काय सांगणार! मॅच नाहीच आहे. जूनमध्ये फायनल संपते आणि पुढचा मोसम सुरू होतो ऑक्टोबरात. मधल्या काळात एकही खरी मॅच नसते, आणि चर्चेला सगळ्यात जास्त ऊत येतो तो याच काळात. यालाच म्हणतात ऑफसीझन.

बऱ्याच जणांना हा रिकामटेकडेपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. आपण विदर्भाची माणसं, आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. कापसाची पेरणी पाऊस पडल्यावर होते, पण वावर तयार होतं ते उन्हाळ्यात. वखरणी, शेणखत, बियाणं, उसनवारी हे सगळं मे महिन्यातच उरकावं लागतं. ज्यानं मे महिना झोपून काढला त्याचं पीक दिवाळीला दिसतंच की! टीमचंही अगदी तसंच आहे.

उदाहरण म्हणून आमच्या ग्रुपची लाडकी (आणि तेवढीच छळवादी) टीम घेऊ, सॅक्रामेंटो किंग्ज. तुम्ही म्हणाल, लेकर्स सोडून हीच का? तर हिचे मालक आहेत विवेक रणदिवे. आडनाव ऐकूनच कान टवकारले ना? जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीत, टिबको या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस, इंजिनीअर! २०१३ च्या जानेवारीत किंग्जच्या जुन्या मालकांनी टीम सिअ‍ॅटलच्या लोकांना विकायचं ठरवलं होतं. सॅक्रामेंटोचे चाहते रस्त्यावर उतरले, महापालिकेनं नव्या स्टेडियमच्या खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली, आणि मे महिन्यात एनबीएच्या बाकीच्या मालकांनी मतदान करून स्थलांतर नाकारलं. मग रणदिव्यांच्या गटानं टीम घेतली. टीमची किंमत धरली गेली ५३ कोटी ४० लाख डॉलर. लक्षात घ्या, चाहत्यांनी टीम वाचवली ती कोर्टाबाहेर, बोलून आणि भांडून.

पुढे काय झालं? २०१४ च्या ड्राफ्टच्या आधी किंग्जनी चाहत्यांनाच आवाहन केलं की आकडेमोड करा आणि कोणाला घ्यावं ते सांगा. 'ड्राफ्ट ३.०' असं त्याचं नाव. शेवटी आठव्या नंबरवर निक स्टॉस्कसला घेतलं. वर्षभरात, २०१५ च्या जुलैमध्ये, त्याला फिलाडेल्फियाला देऊनही टाकलं, वर पहिल्या फेरीतला एक भविष्यातला हक्क दिला तो वेगळाच! डिसेंबर २०१४ मध्ये कोच मायकेल मलोनला काढलं. त्याच मलोननं २०२३ मध्ये डेन्व्हरला चॅम्पियन केलं. २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरची निवड हातात असताना मार्विन बॅगलीला घेतलं आणि लुका डॉन्चिचला जाऊ दिलं. २००७ पासून २०२२ पर्यंत सलग १६ मोसम टीम प्लेऑफला गेली नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा दुष्काळ कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

गंमत अशी की २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या, त्या याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्सच्या. दोन्ही पेसर्सनी जिंकल्या. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत याच दोन टीमनी मोठी अदलाबदल केली. किंग्जचा टायरीस हॅलिबर्टन तिकडे, त्यांचा डोमँटस सबोनिस इकडे. वर्षभरात किंग्ज ४८ मॅचेस जिंकून पश्चिम विभागात तिसरे आले, विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा लेझर सुटायला लागला, आणि आम्ही म्हणालो, "बघा, सौदा जमला!" मग २०२५ मध्ये हॅलिबर्टननं पेसर्सना फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत नेलं, आणि तोपर्यंत किंग्जनी कोच माईक ब्राऊनला काढून डीॲरन फॉक्सलाही सॅन अँटोनियोला पाठवलं होतं. आता सांगा, सौदा कोणाचा जमला? या एका प्रश्नावर आमच्यातल्या दोघांची आठ दिवस बोलचाल बंद होती!

पण माझा मुद्दा सौद्याचा नाही. मुद्दा हा आहे की आम्हाला भांडता येतं. का येतं? कारण सगळा हिशोब उघडा आहे. पगारावर सगळ्यांसाठी एक मर्यादा आहे (२०२५-२६ साठी ती साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर होती). कोणाचा करार किती वर्षांचा, कोणत्या वर्षीचा ड्राफ्टचा हक्क कोणाकडे गहाण पडलाय, सगळं सगळ्यांना माहीत. २०१८ ची चूक आजही मालकाच्या तोंडावर मारता येते. हजारो मैलांवरच्या पुलगावातल्या पोराला जर मालकाचा हिशोब विचारता येत असेल, तर ती टीम फक्त मालकाची राहत नाही.

आता आपल्या घरी या. २०१५ मध्ये यूबीए नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली. आठ टीम, त्यात दोन आपल्या, मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज. नाव ऐकूनच छाती फुगावी! त्या लीगमधून पुढे आलेल्या पालप्रीत सिंग ब्रारला २०१६ मध्ये लाँग आयलंड नेट्सनी एनबीएच्या खालच्या लीगसाठी निवडलं. म्हणजे लीग काही अगदीच फुकाची नव्हती. पण २०१७ नंतर ती पुन्हा झाली नाही. पेशवाजच्या चाहत्यांचा ऑफसीझन तेव्हा सुरू झाला, तो अजून संपलेला नाही! नंतर इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली. २०२३ मध्ये सहा शहरांच्या टीम खेळल्या, आपली मुंबई टायटन्स होती, चेन्नई हीट जिंकली. २०२५ मध्ये तिचंच 'प्रो यू-२५' हे नवं रूप आलं. चांगलंच आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी मुंबईच्या टीमबद्दल पाच मिनिटं वाद घातलाय? कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, का सोडलं? विषयच निघत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, आपल्याकडे बास्केटबॉल पाहतो कोण? पैसा कुठून आणणार?" यात तथ्य नाही असं नाही. काही आठवड्यांच्या लीगवर कोणाचं घर चालत नाही. म्हणूनच आपले चांगले खेळाडू रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, नाहीतर इंडियन ओव्हरसीज बँकेची नोकरी पाहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण कबड्डीकडे बघा ना. २०१४ च्या आधी कबड्डीच्या लिलावावर टपरीवर कोण बोलत होतं? आज यू मुंबानं कोणाला सोडलं यावर पैजा लागतात. पुणेरी पलटणनं 'युवा पलटण' काढून कोवळी पोरं तयार केली आणि २०२४ च्या मार्चमध्ये दहाव्या मोसमाचं विजेतेपद घेतलं. ते यश त्या महिन्यातल्या मॅचेसचं कमी आणि मधल्या काळातल्या मेहनतीचं जास्त. म्हणजे मराठी माणसाला ऑफसीझन कळतो, फक्त पुढचा सीझन येणार याची खात्री पाहिजे. ती द्यायला १५ कोटी डॉलर लागत नाहीत. पुढची तारीख, कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी आणि सोडलेल्यांची कारणं, एवढं वेळेवर जाहीर करायला किती खर्च येतो?

आणि मुंबई-पुण्याला नावं ठेवताना आपल्या बुडाखालीही पाहू या. इंजिनीअरिंग कॉलेजची टीम म्हणजे काय असते? दरवर्षी फायनल इयरचे चार चांगले खेळाडू डिग्री घेऊन जातात. जूनमध्ये कोणी विचारत नाही की त्यांच्या जागी कोण. मग स्पर्धेचं पत्रक आलं की आठ दिवस आधी "ए, तू उंच आहेस ना, ये बे!" अशी भरती होते, पहिल्याच फेरीत आपण हरतो, आणि रेफरीला शिव्या घालत घरी येतो. हरण्याचं खरं कारण मात्र मे-जूनमध्ये कुलूपबंद असलेल्या कोर्टात पडलेलं असतं.

म्हणून तीन साध्या मागण्या. एक, जाणाऱ्या सीनियर्सनी जाताना जागावार लिहून द्यावं, कोण कुठे तयार आहे आणि काय कच्चं आहे. दोन, परीक्षा संपल्यावर सुट्टीत निदान संध्याकाळी दोन तास कोर्ट उघडं राहावं. पुलगाव, देवळी, वर्ध्याची पोरं सुट्टीत इथेच तर असतात. तीन, टीमची यादी आणि वर्षभराचे निकाल नोटीस बोर्डावर लागावेत, म्हणजे न खेळणाऱ्यालाही बोलायला तोंड मिळेल. टीका होऊ द्या. ज्या टीमला कोणी शिव्याही देत नाही ती टीम मेल्यातच जमा!

रणदिव्यांनी उद्या कोणाला विकावं ते आपण सांगूच, तो आपला हक्क आहे. पण आपल्या पॉइंट गार्डची डिग्री येत्या वर्षी पूर्ण होतेय, त्याच्या जागी कोण खेळणार, हा वादही याच जूनमध्ये सुरू होऊ द्या. बघा पटतंय का!