दंड भरा, धूर सोडा

मालवाहू गाड्या बांधणाऱ्या कंपनीने सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडावे, यात गैर काही नाही. तो हक्क शेतकऱ्याला आहे, तसाच कारखानदारालाही आहे. पण इंजिन सुधारण्याऐवजी नियमच सैल व्हावा म्हणून थैली मोकळी होऊ लागली, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेतील नेव्हीस्टार कंपनीचे उदाहरण घ्या. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड २०१० पासून कठोर मर्यादेत आणावेत, हा नियम २००१ मध्येच ठरला होता. तयारीला नऊ वर्षे मिळाली. इतर कंपन्यांनी युरियाचे द्रावण फवारून धूर शुद्ध करण्याचा मार्ग पत्करला. नेव्हीस्टारने मात्र धूरच पुन्हा इंजिनात फिरवण्याचा हट्ट धरला. मर्यादा गाठता येईना आणि आधी साठवलेल्या सवलतीही सरत आल्या. तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने लोकांचे म्हणणे न ऐकताच तात्पुरता नियम काढला: इंजिनामागे जास्तीत जास्त १,९१९ डॉलर दंड भरा आणि गाडी विका! नियम पाळणारे प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले. जूनमध्ये तो नियम रद्द झाला. पुढच्याच महिन्यात नेव्हीस्टारने युरियाची वाट धरली. इतकी वर्षे नकोसे असलेले महिनाभरात मान्य झाले!

कोणी म्हणेल, अमेरिकेत लॉबिंगचा खर्च उघड करावाच लागतो; मग तक्रार कसली? खरे आहे. १९९५ च्या कायद्याने ती सक्ती केली आणि २००८ पासून दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. रक्कम कळते, विषय कळतो, कोणत्या खात्याचे दार ठोठावले तेही कळते. मात्र कोणत्या अधिकाऱ्याला गाठले आणि नेमके काय मागितले, हे सांगण्याचे बंधन नाही. दुकानदाराने एकूण बेरीज दाखवावी आणि जिन्नस झाकून ठेवावेत, त्यातलाच हा प्रकार! आपल्या देशात तर बेरीज दाखवण्याचाही कायदा नाही.

वाचकहो, महामार्गालगत राहणाऱ्या दमेकरी मुलाचा कोणी पगारी वकील राजधानीत बसलेला नसतो. त्याच्या वतीने बोलतो तो केवळ नियम. म्हणून भेटीची तारीख, अधिकाऱ्याचे नाव आणि केलेली मागणी, या तीन गोष्टी जनतेसमोर आल्याच पाहिजेत. ज्याची मागणी न्याय्य आहे, त्याने उजेडाला का भ्यावे?