पाटे वाढवायचे की बदलायचे?

मंडळी, गेल्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय जरा जड आहे, अगदी वजनानेसुद्धा. जुन्या पिकअप गाडीचे मागचे पाटे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरटी नाही तरी गल्लीत एक तरी पिकअप असतेच, आणि 'गाडी मागून बसलीय, दोन पाटे घालून घे' हा सल्ला कुणालाही फुकट मिळतो. आमच्या काकांनाही मिळाला होता.

काकांची गाडी २००९ सालची. भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत म्हापशाला आठवड्यातून तीन फेऱ्या. जाताना भरलेली, येताना रिकामे क्रेट. भरली की मागून इतकी बसायची की खड्ड्यात धाडकन आवाज यायचा, आणि रिकामी असली की असली उडायची, की परत येईपर्यंत काकांची कंबर धरलेली. गॅरेजवाल्याने तोडगा सांगितला: ट्रकच्या भंगारातले दोन जाड पाटे आहेत, तासाभराचं काम, वर आणखी चार क्रेट बसतील. काका तयार. मी म्हटलं, एक रविवार मला द्या. 'तू कॉम्प्युटरवाली, तुला काय कळतंय पाट्यातलं?' हे ओघाने आलंच. माझी बी.ई. मेकॅनिकलची आहे, नोकरी तेवढी सॉफ्टवेअरची, हे आमच्या घरात अजून कुणी मनावर घेतलेलं नाही.

आधी थोडं यंत्रशास्त्र, म्हणजे पुढचं पटेल. पाट्याला फक्त वजन पेलायचं नसतं, त्याला दबायचंही असतं. जो दबतो तोच धक्का खातो. गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो यावर गाडी किती वेगाने वर-खाली होणार ते ठरतं. ४ सेंटिमीटर दबला तर सेकंदाला साधारण अडीच हेलकावे, म्हणजे अंगाला हिसके. १४-१५ सेंटिमीटर दबला तर सव्वाच्या आसपास, म्हणजे चालत्या माणसाच्या लयीच्या जवळ, आणि ते शरीराला सोसतं. पिकअपची पंचाईत अशी, की रिकामी असताना मागच्या पाट्यांवर जेमतेम पाचशे किलो आणि भरल्यावर त्याच्या तिप्पट-चौपट. भरलेल्याला बरोबर असणारा पाटा रिकाम्याला दगड वाटणारच. म्हणून कंपनी दोन मजले करते: वर पातळ पाट्यांचा संच, जो कायम काम करतो, आणि खाली एखाद-दोन जाड हेल्पर पाटे, जे वजन वाढून गाडी बसली तरच टेकतात.

आता भंगारातल्या पाट्याचं गणित. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरचा आणखी एक पाटा घातला तर पाचाचे सहा झाले, वीस टक्के वाढ. पण १० मिलिमीटरचा घातला तर तो एकटाच जवळजवळ ८ च्या दोन पाट्यांइतका. ट्रकचा पाटा त्याहून जाड. शिवाय सगळ्यांना सारखंच वाकायला लागतं, आणि तेवढंच वाकताना जाड पाट्यावर ताण जास्त येतो, म्हणजे तुटायचा तोच आधी. तोवर गाडी मात्र वर दिसते, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पाटा दबेनासा झाला की धक्का जातो कुठे? हँगरच्या रिव्हेटांना, चासीला, हौद्याच्या वेल्डिंगला, काकांच्या कमरेला. आणि पाटे वाढवून ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यांची ताकद एका किलोनेही वाढत नाही. गाडी 'पेलते' असं आपण म्हणतो तेव्हा फक्त पाटा पेलत असतो.

रविवारी पहिलं काम टेपने. सपाट जागेवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर, चारही बाजूंना. मागून डावी बाजू उजवीपेक्षा ३ सेंटिमीटर खाली होती. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असत्या तर पाटे थकले म्हणता आलं असतं. एकच बाजू बसली म्हणजे काहीतरी मोडलेलं. जॅक लावून, चासीखाली लाकडी ओंडके देऊन (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, कितीही घाई असो) तारेच्या ब्रशने माती काढली. डावीकडचा वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून सरळ दोन तुकडे झालेला. क्लिपांनी धरून ठेवल्यामुळे बाहेरून पत्ता नाही. शॅकलचे रबरी बुश लंबगोल झालेले, एका शॉकअपमधून तेल गळून वर धुळीचा थर. दसऱ्याला गाडी धुऊन पाट्यांवर जळकं ऑइल मारायची जी पद्धत आहे तिने गंज थांबतो हे खरं, पण ते ऑइल रबराला लागलं की रबर फुगतं. आमच्या बुशांचं बहुधा तेच झालं होतं.

शॉकअपबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. शॉकअप वजन उचलत नाही, वजन पाटाच उचलतो. शॉकअप फक्त हेलकावा विझवतो. मागून गाडी दाबून सोडली आणि ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. डुलत राहिली तर गेला. काकांची डुलत होती.

पण खरी गोष्ट याच्याही पलीकडे सापडली. चासीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक बारीक दांडी जाते. ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी जितकी बसेल तितकी दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन किती आहे. वजन असेल तर मागच्या ब्रेकला दाब पूर्ण, रिकामी असेल तर कमी, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होऊन गाडी फिरते. सगळ्या पिकअपना ती नसते, आमच्या गाडीला होती. आणि ती दांडी कुणीतरी कधीतरी तुटल्यावर तारेने वर बांधून टाकलेली. म्हणजे व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामी. चोर्ल्याचा उतार, मागे दीड टन भाजी, आणि थांबवायचं काम बहुतेक पुढच्या दोन चाकांवर. पुढचे ब्रेक पॅड चार महिन्यांत संपतात म्हणून काका पॅडवाल्याला शिव्या घालत होते, त्याचं उत्तर त्या तारेत होतं. हल्ली निम्म्या फेऱ्या माझा चुलतभाऊ नेतो. त्या दिवशी जेवताना काकू काही बोलली नाही, फक्त 'ती तार आजच काढा' एवढं म्हणाली.

जाड पाटे घातले असते तर दांडी नीट जोडूनही फार उपयोग नव्हता, हेही लक्षात घ्या. पाटा कडक झाला की तेवढ्याच वजनाला गाडी कमी बसते, आणि व्हॉल्व्हला वाटतं वजन कमी आहे. वजन वाढवायचं आणि ब्रेक कमी करायचा, असा तो सौदा.

सोमवारी गाडी भरलेली असताना वजनकाट्यावर नेली. पूर्ण गाडीचं वजन तर घ्याच, पण नुसती मागची चाकं काट्यावर ठेवूनही एक घ्या. पूर्ण वजन ३,१५० किलो, मागच्या चाकांवर १,९००. आरसी बुकात एकूण वजनाची मर्यादा २,८००. काका म्हणत होते बाराच क्विंटल भरतो. काटा साडेपंधरा म्हणत होता. ओले क्रेट, वर फेकलेली कोथिंबिरीची पोती, बरोबर येणारा माणूस, हे कुणी मोजत नाही.

इथे मात्र आमचं वाजलं. ३५० किलो म्हणजे चौदा क्रेट. क्रेटला ४० रुपये भाडं धरलं तर फेरीला ५६०, आठवड्याला १,६८०. 'तुझ्या पगारात हे दिसत नाही, माझ्यात दिसतंय की,' काका म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,००० दंड आहे, आणि आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करायला कलम ५२ आड येतं. काकांवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही. परिणाम केला चार महिन्यांच्या पॅडच्या आणि वर्षभराच्या टायरच्या पावत्यांनी. त्या त्यांनी स्वतःच डब्यातून काढून बेरीज केली. बेरीज मला दाखवली नाही.

शेवटी काय केलं ते सांगते. तुटका पाटा तेवढा बदलायचा हा एक मार्ग होता, पण नव्या आणि थकलेल्या पाट्यांची जोडी जमत नाही, आणि एकच बाजू नवी केली तर गाडी तिरकी राहते. पाटे हातोड्याने ठोकून पुन्हा कमान देऊन आणणं सर्वांत स्वस्त, उद्यमबागेच्या आसपास विचारलं तर माणूस मिळेलही. पण थंडच ठोकलेली कमान भाराखाली लवकर उतरते. गॅसने तापवून वाकवली तर पोलादाचं पाणीच जातं. पुन्हा तापवून, तेलात विझवून, पाणी देऊन घेणारी भट्टी असेल तरच त्या वाटेला जावं. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही. म्हणून दोन्ही बाजूंना मूळ मापाचे नवे संच, हेल्परही मूळच्याच जाडीचे, चारही शॉकअप, सगळे बुश आणि नवे यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरू नयेत, तिथे दोन-चारशे रुपये वाचवू नका. व्हॉल्व्हची दांडी नवी घालून कंपनीच्या मापाप्रमाणे बसवली. मजुरीसकट २३,४०० रुपये झाले. भंगारातल्या पाट्यांचा खर्च अडीच हजार होता, हे काकांनी मला तीन वेळा ऐकवलं.

एक काम लोक विसरतात. मागची उंची बदलली की पुढच्या दिव्यांचा झोतही बदलतो, तो भिंतीवर पाडून पुन्हा जुळवून घ्या. आणि नवे पाटे पहिल्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात, तेव्हा यू-बोल्ट ढिले होतात. ते पुन्हा आवळायलाच हवेत, नाहीतर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो.

रिकामी गाडी अजूनही थोडी उडते. पिकअप आहे, कार नव्हे. काकांनी क्रेट चौदा नाही, दहा कमी केलेत. उरलेल्या चारांवर बोलणी चालू आहेत. यू-बोल्ट त्यांनी चौथ्या फेरीनंतर स्वतः आवळून घेतले आणि मला फोन करून सांगितलं, 'डावा पाव फेरा फिरला, उजवा नाही.'