दोष कुणाचा? न्याहाळकाचा की आमचा?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. एटापल्ली तालुक्यातील आमच्या गावात रेंज मिळते ती गावाबाहेर, रस्त्याच्या चढावरील एका मोहाच्या झाडाखाली. तेथे मी आणि माझा एक मित्र एका छत्रीत, एक मोबाईल घेऊन उभे होतो. पडद्यावर एक वर्तुळ गोल गोल फिरत होते. अर्धा अर्ज भरून झाला की 'आपली वेळ संपली आहे' अशी पाटी येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला मित्र म्हणाला, "जाऊ दे ना गा, आपल्यालेच नाही जमत हे."

पुढे मुदत वाढली, अर्ज भरला गेला. पण मित्राचे ते वाक्य मात्र माझ्या मनात रुतून बसले. चूक यंत्राची, आणि शरमेने मान खाली घालायची ती आम्ही! हे कितपत योग्य आहे, याचा विचार करावा म्हणून हा लेखप्रपंच.

संकेतस्थळ उघडून दाखविणाऱ्या साधनाला आपण ब्राउझर म्हणतो. मराठीत त्याला 'न्याहाळक' असा सुरेख शब्द आहे. न्याहाळक पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. सर्वांत वडीलधारा इंटरनेट एक्सप्लोरर. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'हे स्थळ याच न्याहाळकात नीट दिसेल' अशी सूचना असे. १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्त करण्यात आले. त्याच्या भरवशावर बांधलेली घरे मात्र मागे राहिली. दुसरा क्रोम. तो बहुतेक मोबाईलमध्ये आधीच येऊन बसलेला असतो. तो चपळ आहे, पण खादाडही आहे. आमच्यासारख्यांच्या दोन जीबीच्या मोबाईलवर ओटीपी पाहायला क्षणभर संदेशाच्या खिडकीत जावे, तोवर मोबाईल जागा रिकामी करण्यासाठी मागचे पान टाकून देतो. परत यावे तर अर्ज कोरा! तिसरा ऑपेरा मिनी. हा आपले पान आधी कंपनीच्या यंत्रावर मागवतो, तेथे दाबून लहान करतो आणि मग आपल्याकडे धाडतो. त्यामुळे अशक्त रेंजमध्येही मजकूर उमटतो. पण फार दाबले की अर्जातील बटणे निर्जीव होतात. चौथा फायरफॉक्स. जाहिराती बाजूला सारून केवळ मजकूर दाखविण्याची त्याची वाचनखिडकी मला फार आवडते. पण तो वापरणारे थोडे, म्हणून स्थळे बांधणारे त्याच्यावर तपासणी करण्याची तसदी घेत नाहीत. स्वस्त मोबाईलवाल्यांचा आवडता यूसी ब्राउझर तर २९ जून २०२० रोजी इतर ५८ ॲपसह सरकारनेच बंद केला.

लिपीची कथा आणखी वेगळी. आमचे एक प्राध्यापक सांगतात की, पंचवीस वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे उघडली की आधी त्यांचा स्वतःचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसला की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडने हा त्रास पुष्कळ कमी केला, पण संपविला नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द पाहा. पहिला डोंगरातला, दुसरा समुद्र. पहिल्यातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. म्हणून एका रीतीने शोधलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या पानात सापडेलच असे नाही. आमच्या गोंड बांधवांची स्थिती तर याहून बिकट. मसराम गोंडी लिपीला २०१७ साली आणि गुंजाला गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण मोबाईलमध्ये फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. कागदोपत्री जमिनीचा पट्टा मिळावा आणि शेतात पाय ठेवता येऊ नये, तशातला हा प्रकार!

आता बातम्या वाचण्याच्या साधनांकडे वळू. आमच्या त्याच सरांना गूगल रीडरची अजून आठवण येते. आपण निवडलेल्या स्थळांवरील नवा मजकूर तो एका जागी, क्रमाने आणून ठेवी. १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला. फायरफॉक्समध्ये अशीच एक सोय होती, ती डिसेंबर २०१८ मध्ये काढली गेली. क्रोममध्ये पाने हलकी करून मागविण्याची सोय होती, ती २०२२ साली गेली. रेंज असताना लेख साठवून घरी निवांत वाचता यावेत यासाठी 'पॉकेट' नावाचे साधन होते. तेही ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. मित्रहो, या यादीत एक सूत्र दिसते. तालुक्याला रेंजमध्ये मजकूर घ्यायचा आणि रेंज नसलेल्या गावी नेऊन वाचायचा, ही आमची रीत. जी जी सोय या रीतीला उपयोगी, ती ती बंद पडली. त्यात कुणाचा दुष्टावा असेल असे मी म्हणत नाही. आम्ही त्यांच्या हिशेबातच नाही, एवढेच.

त्यांच्या जागी आली ती आपणहून बातम्या वाढणारी ॲप. मी एकदा ताडोबातील वाघाची चित्रफीत पाहिली, तेव्हापासून आठवडाभर मला वाघच वाघ वाढण्यात आले. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाल्याची बातमी मात्र मला ॲपने सांगितली नाही. ती सांगितली एस. टी. स्टँडवरच्या चहावाल्याने! मी परीक्षेनंतर त्याच रस्त्याने मित्राकडे जाणार होतो.

कोणी म्हणेल, "रेंज वाढली की सारे प्रश्न सुटतील." रेंज वाढलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण पानांचे वजनही वाढतेच आहे. आजचे साधारण पान दोन एमबीच्या वर जाते. हा माझा अख्खा लेख साध्या मजकुराच्या रूपात वीस केबीचाही होणार नाही. म्हणजे एका पानाच्या वजनात असे शंभर लेख मावतील. मग अर्जाच्या चार रकान्यांसाठी एवढा बारदाना कशाला? २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि आपल्या दोन जिल्ह्यांना विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठण्याची गरज उरली नाही. अंतर असे एका बाजूने कमी करायचे आणि जड पानांनी दुसऱ्या बाजूने वाढवायचे, यात शहाणपण कोणते?

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाला माझे उत्तर असे : पहिला दोष जड पाने बांधणाऱ्यांचा, दुसरा न्याहाळकाचा. आणि आमचा? आमचाही आहे, पण तो 'जमत नाही' हा नव्हे. गप्प बसणे हा आमचा दोष आहे, आणि संधी मिळताच आपणही तेच करतो हा दुसरा. आपल्या महाविद्यालयाच्या सूचना कशा येतात, आठवून पाहा. कागदावर छापायच्या, त्याचा फोटो काढायचा आणि तो व्हॉट्सॲपवर टाकायचा! त्यातील एक शब्दही शोधता येत नाही, आणि चढावरच्या त्या मोहाखाली फोटो उघडता उघडत नाही. फार लांब कशाला, आपला हा वार्षिक अंकदेखील जुन्या फॉन्टमध्ये जुळविला जातो; उद्या तो संकेतस्थळावर चढविला तर आतले मराठी यंत्राला वाचता येणार नाही.

म्हणून संपादक मंडळाला आणि प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. सूचना साध्या युनिकोड मजकुरात द्याव्यात. अंकातील लेखही तसेच ठेवावेत. आणि अर्ज अडला तर कोणत्या न्याहाळकात, कोणत्या पायरीवर अडला, हे लिहून ठेवणारी एक वही ग्रंथालयात असावी. महिन्याकाठी ती तक्रार संबंधित कार्यालयाकडे लेखी जावी. वहीच्या पहिल्या पानावर माझी तक्रार मी लिहीन. दुसऱ्यावर माझ्या त्या मित्राने लिहावी, अशी माझी इच्छा आहे. "आपल्यालेच नाही जमत" या शब्दांऐवजी त्याने तेथे "हे पान उघडत नाही" एवढेच लिहिले तरी पुष्कळ झाले.